सॅकेतले डबे, ट्रंकेतली पुडी

लोहगडवाडी, ता. मावळ
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. नातवास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझी सॅक इथेच राहिली. रविवारी लोकल गाठायला तू धावत खाली गेलास. मागून हाका मारल्या, पण गायमुख खिंडीत धुकं एवढं होतं की आवाज पोचला नसावा. आजीने धुवायचे कपडे काढायला ती उघडली. ट्रॅकपँट, दोन बनियन, एक मोजा (दुसरा कुठे आहे देव जाणे) आणि तळाला डबे. एक मोठा काळा, एक लहान लाल, आणि बाजूच्या कप्प्यात पांढरी प्लॅस्टिकची बाटली. बाटलीवर लेबलच नाही. आजीने तिन्ही वस्तू ओट्यावर मांडल्या आणि मला हाक मारली, "अहो, बघा जरा. पोराचं औषध आहे का खत?"

मी पस्तीस वर्षं लोणावळ्यात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस, म्हणून तिने मला विचारलं. मी भिंग काढलं, खिडकीपाशी बसलो आणि दोन्ही लेबलं पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. तू ती वाचली नसशील, पैज लावतो. मग रात्रभर विचार केला आणि आज लिहायला बसलो. रागवायचं असतं तर फोन केला असता. फोनवर तू "हो आबा, हो आबा" म्हणतोस आणि तेव्हाच दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतोस.

काळ्या डब्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. व्हे म्हणजे दुधाची निवळी. चीज-पनीर करताना दूध फाटलं की जे हिरवट पाणी उरतं, तेच गाळून, आटवून, वाळवून त्याची भुकटी करतात. तुझी आजी पनीर करते तेव्हा ते पाणी कणकेत घालते, उरलं तर म्हशीपुढे ठेवते. म्हशीची अजून तुझ्यासारखी पोलीस भरती निघालेली नाही. लेबलवर एका मापात ३३ ग्रॅम भुकटी लिहिली आहे आणि त्यात २४ ग्रॅम प्रथिनं. डब्यातलं माप मी वाडीतल्या दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिलं. काठोकाठ भरलं तर ३४ ग्रॅम, शीग लावून भरलं तर ४३. तू कसं भरतोस ते तुलाच ठाऊक, पण ओट्यावर सांडलेली भुकटी मी दोन दिवस पाहत होतो. मला वाटलं आजीचं तांदळाचं पीठ सांडलंय.

हिशेब असा आहे. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुझं वजन ६२, म्हणजे बावन्न ग्रॅमच्या आत. तू धावतोस, जोर-बैठका मारतोस, म्हणून दीडपट-दुप्पट धर. आता चार अंडी २४, अर्धा लिटर म्हशीचं दूध १८, मूठभर शेंगदाणे १२, भिजवलेले हुलगे किंवा हरभरे ११. वर भाकरी, वरण, इंद्रायणीचा भात यांचे पंचवीस-तीस निघतातच. इथे, माझ्या घरी, तुझा हिशेब डब्याशिवाय पुरा होतो. पुण्यातल्या खोलीवर तो होत नाही हे मला कळतं. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते, असं तूच म्हणाला होतास. तेव्हा घरचं कमी पडतं तिथे एक माप घेतलंस तर मी आड येणार नाही.

'पूरक आहार' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते बहात्तरच्या दुष्काळात. रेशनवर लाल मिलो आली होती आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटत होते. आपल्याकडे पाऊस असतो म्हणून आम्हाला सुकडीची पाळी आली नाही, पण मिलोच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत, घशाखाली उतरत नसत. तेव्हा शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता. पोटात काय नाही ते सगळ्यांना माहीत होतं, तेवढंच पुरवायचं होतं. तुमच्या डब्याचं उलट आहे. काय कमी आहे ते कुणी बघितलेलंच नाही आणि भर घालणं चालू.

डब्यात तरी लिहिलंय तेच असतं का? केरळच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन आपल्या देशात खपणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या आणि २०२४ साली निकाल छापला. सुमारे सत्तर टक्के डब्यांत लेबल आणि आतला माल जुळत नव्हता, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. चौदा टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं. ओल्या भुईमुगावर जी बुरशी चढते तिचं ते विष. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या सूचना काढल्या, त्यात अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळाव्यात असं सरळच म्हटलं आहे. मी तेवढा कडक नाही. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघायचं, बिल घ्यायचं, आणि तो क्रमांक कारखान्याचा असतो, आतली भुकटी कुणी तपासल्याचा तो दाखला नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं.

लाल डबा मात्र मला आवडला नाही. प्री-वर्कआउट. एका मापात ३०० मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे कॉफीचे तीन कप एका घोटात. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात ४०० च्या वर जाऊ नये असं धरतात. डबा अर्धा झालाय आणि सॅकेतल्या बिलावरची तारीख बारा दिवसांपूर्वीची आहे. मी भागाकार केला, तूही कर. वर तुम्ही पोरं ती भुकटी कोरडीच जिभेवर टाकता आणि मागून पाणी पिता. गेल्या पावसाळ्यात गणेश दरवाज्याच्या खालच्या पायऱ्यांवर मुंबईकडचा एक पोरगा असाच बसला होता. उपाशीपोटी कोरडं माप मारून गड चढायला निघालेला. त्याच्या मनगटावर मी बोटं ठेवली तर ठोके मोजता येईनात, एकात एक मिसळत होते. मित्र व्हिडिओ काढत होते. त्याला आडोशाला बसवलं, पाणी पाजलं आणि हळूहळू खाली उतरवून डॉक्टरकडे धाडलं. त्याचं निभावलं.

लंडनमध्ये एका बाईचं निभावलं नाही. क्लेअर स्क्वायर्स, वय ३०. एप्रिल २०१२ मध्ये तिथल्या मॅरेथॉनमध्ये शेवटच्या मैलावर ती कोसळली आणि गेली. पाण्याच्या बाटलीत तिने अशाच एका भुकटीचं माप घातलं होतं आणि त्यात डीएमएए नावाचं उत्तेजक होतं. बाजारात तेव्हा ते उघड मिळत होतं. उघड मिळतं म्हणजे चालतं, असं तिलाही वाटलं असणार.

आता बाटली. तिच्यात पिवळ्या गोळ्या आहेत, त्यांच्यावर कसलाही छाप नाही. काय आहे ते मला ओळखता आलं नाही, आणि हे लिहिणारा पस्तीस वर्षं गोळ्याच ओळखत होता. पेपरात मी वाचतो, पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी मेफेंटरमाइनची इंजेक्शनं जिममधल्या पोरांना विकणारी माणसं पुन्हा पुन्हा पकडली आहेत. ते औषध ऑपरेशनच्या टेबलावरचं. पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब एकदम घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात, माणसाला यंत्रं लावलेली असताना. ते टोचून पोरं डंबेल उचलतात. तुझ्या बाटलीत तसलं काही आहे असं मी म्हणत नाही. पण तुझ्या जिमवाल्याने दोन्ही डबे बिल देऊन विकले आणि बाटली त्या बिलात नाही, एवढं मला बिल बघून कळलं. बिलावर दोनच वस्तू आहेत.

तुम्ही हे का करता याबद्दल लोक बरंच बोलतात. आजची पिढी आरशात बघत बसते म्हणे. आरसा आमच्याकडेही होता, लहान होता आणि तडा गेलेला होता एवढंच. तालमीतून आल्यावर आम्हीही दंड फुगवून बघत होतो. आता 'पैलवान' ही पदवी फ्लेक्सवर नावाआधी लावायला लाल माती अंगाला लागावी लागत नाही, ते सोड. माझ्या मते तुझ्यासारख्यांचं खरं कारण तारीख आहे. पोलीस भरतीच्या मैदानाची तारीख. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर वीस गुण, थोडा उशीर झाला की दोन गेले. गोळा ७.२६ किलोचा, त्याचे पंधरा. शंभर मीटरचे पंधरा. पन्नासाचं मैदान. २०२४ च्या पोलीस भरतीत जागा साडेसतरा हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर आले. एकेका गुणावर पोरांचे ढीग. बापाने म्हैस विकून अकॅडमीची फी भरलेली, वय निघून चाललेलं, आणि शरीर म्हणतं मला सहा महिने द्या. सहा महिने कुणाकडे नाहीत. तिथे कुणीतरी म्हणतो, हे घे, पंधरा दिवसांत फरक बघ. तू मूर्ख आहेस म्हणून घेतलं नाहीस, तुला घाई होती.

घाईचं गिऱ्हाईक ओळखायला काउंटरमागे उभं राहावं लागतं. मी राहिलो आहे. संध्याकाळी सहानंतर यायचे, आजूबाजूला बघायचे, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचे आणि मग हळूच, "काहीतरी ताकदीचं द्या ना." मी द्यायचो. टॉनिकची बाटली द्यायचो, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी द्यायचो, भूक वाढवायच्या गोळ्यासुद्धा चिठ्ठी न बघता दिल्या आहेत. तुला काय होतंय, वजन किती, आधी काय घेतोस, हे मी पस्तीस वर्षांत किती जणांना विचारलं असेन? बोटांवर मोजण्याइतक्यांना. मागे रांग असायची आणि मालकाची नजर गल्ल्यावर. तेव्हा तुझ्या जिमवाल्याला शिव्या द्यायचा मला अधिकार नाही, पण त्याचा धंदा कसा चालतो ते मला आतून माहीत आहे. डब्यामागे त्याला कमिशन असतं. सांगणारा तोच, विकणारा तोच, आणि तुझ्या अंगावर फरक पडला की त्याचा फोटो काढून पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवणाराही तोच.

आमच्या वेळी खालच्या गावात तालीम होती. हौद्यातल्या मातीत हळद, तेल, ताक घालून ती मळलेली असायची. वस्तादांना प्रत्येकाचा खुराक तोंडपाठ. कुणाच्या घरी दुभतं आहे, कुणाच्या नाही, थंडाईत कुणाला किती बदाम झेपतात. एकदा माझ्या शेजारच्या पोराने जास्त तूप खाल्लं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं आणि बैठका थांबवल्या. वस्तादांना बदामावर कमिशन नव्हतं. म्हणून जुन्या तालमी सगळ्या सोज्वळ होत्या असं मात्र समजू नकोस. औषधाची बाधा कुस्तीलाही लागली. नरसिंग यादव तुला आठवत असेल, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला. रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच्या तपासणीत मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी मुद्दाम खाण्यापिण्यात मिसळलं असं त्याचं म्हणणं होतं. क्रीडा लवादाने ते मानलं नाही आणि १८ ऑगस्ट २०१६ रोजी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. खरं काय ते त्याला ठाऊक. पण खेळातला नियम असा आहे की तुझ्या शरीरात जे सापडेल त्याचा जबाब तुलाच द्यायचा. "मला माहीत नव्हतं" हे तिथे सहसा चालत नाही.

आजीचं मत असं की डबे सोडून पोराने आपल्या कडुनिंबावरची गुळवेल घ्यावी, ती तरी निसर्गाची आहे. मी तिला मुंबईच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. कोरोनात घरोघर काढे उकळत होते, तेव्हा २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा होऊन त्यांच्याकडे आले. २०२१ मध्ये त्यांनी ते छापलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वाद झाला. पण नंतर देशभरातल्या डॉक्टरांनी असेच आणखी रुग्ण नोंदवले. आजी गप्प बसली, पटलं असं नाही. झाडाचं आहे म्हणजे बाधणार नाही, हा समज धोतऱ्याच्या गावात राहून आपण कसा बाळगतो मला कळत नाही.

तुझ्या ताईलाही हे वाचून दाखव. तिच्या केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याचा डोस मोठा असला तर थायरॉइडची रक्ततपासणी चुकीची येऊ शकते, आणि मग नसलेल्या रोगाचं औषध सुरू होतं. रक्त देण्याआधी ते सांगायचं असतं. आणि तुझ्या कप्प्यात ड जीवनसत्त्वाची रिकामी पट्टी मिळाली, ६०,००० ची. ती आठवड्याला एक घ्यायची असते, तीही डॉक्टरने सांगितले तेवढेच आठवडे. रोज एक घेतलीस का? क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. ड तसं जात नाही, ते अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

आता मुद्द्याचं सांगतो. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

१९७४ ची गोष्ट. मी वीस वर्षांचा. पुण्यात सैन्याची भरती होती आणि माझं वजन चार किलो कमी भरत होतं. वजनाच्या दिवशी सकाळी डझनभर केळी खायची आणि तांब्याभर पाणी प्यायचं ही युक्ती सगळी पोरं करायची, पण केळ्यांनी चार किलो भरत नाहीत. तेव्हा बाजाराच्या गावी एकाने डॉक्टरची पाटी लावली होती. तो खरा डॉक्टर नव्हता हे मला फार पुढे कळलं. त्याने कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "रोज दोन. महिन्यात अंग धरशील." किंमत तीन रुपये. ते तीन रुपये मी घरातल्या तांदळाच्या पैशांतून काढले.

आणि खरंच अंग धरलं. भूक अशी लागायची की आई भाकरी थापून थकायची. गाल वर आले, तोंड गोल झालं, गालावर लाली चढली. आई दृष्ट काढायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरगं भरलं हो. पुडी मी ट्रंकेत, शाळेच्या दाखल्याच्या खाली ठेवत होतो. संपली की दुसरी आणायचो. असे अडीच महिने गेले. भरतीत वजनाला पास झालो. मग धावायला सोडलं आणि पहिल्याच फेरीत मांड्यांतला जोर संपला. गडावर डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चढणारा मी, मला बसून उठता येईना. मागची पोरं पुढे गेली.

घरी आलो तो रागाने. गोळ्या बंद केल्या, एकदम. पुडीत सात-आठ उरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. तीन आठवड्यांनी भातलावणी लागली. पावसात भिजून ताप आला आणि खाचरातच मी आडवा पडलो. उलट्या, अंग गार, डोळ्यांपुढे अंधार. चौघांनी झोळीत घालून भाज्याला उतरवलं, तिथून बैलगाडीने मळवली, मग पुणे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय घेत होतास?"

मी म्हणालो, "काही नाही."

वडील पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. तीन रुपये, तांदळाचे पैसे, भरती, सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा "काही नाही". सलाईन चालू होतं, पण रक्तदाब वर येत नव्हता आणि का येत नाही ते कुणाला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई आली. दवाखान्यात द्यायला रेशनकार्ड काढायला तिने ट्रंक उघडली होती. लुगड्याच्या ओच्यातून तिने पुडी काढली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. म्हणाली, "हे हाय त्याच्या पेटीत. मला वाचता येत न्हाई." डॉक्टरांनी गोळी बघितली, माझ्या गोल तोंडाकडे बघितलं आणि नर्सला इंजेक्शन आणायला पाठवलं. संध्याकाळी मी उठून बसलो.

ते कॉर्टिसोनच्या जातीचं स्टेरॉइड होतं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ती रोज थोडं स्टेरॉइड स्वतः बनवते. बाहेरून मिळायला लागलं की ती काम सोडते. बाहेरचं एकदम थांबवलं आणि वर ताप आला की शरीराकडे काहीच उरत नाही. अंग कमावायची स्टेरॉइडं वेगळ्या जातीची, पण त्यांचाही न्याय तोच. बाहेरून आलं की अंडकोष आपलं काम थांबवतात. वर अंग भरतं आणि खाली ते आकसतात. हे जिममध्ये कुणी फ्लेक्सवर लावत नाही.

पन्नास वर्षं झाली. मला ती गोळी घेतल्याचं तेवढं वाटत नाही, वीस वर्षांचा होतो. दोन दिवस डॉक्टरांना "काही नाही" म्हणालो ते मात्र अजून आठवतं. आणि वडिलांना मी इतका का भ्यायलो तेही. ते रागीट होते, पण पोरगं मरण्यापेक्षा तीन रुपये गेलेले त्यांना चालले असते. कधी बोललेच नाहीत, म्हणून मला माहीत नव्हतं. तूही ती बाटली बाजूच्या कप्प्यात, मोज्याखाली ठेवलीस. आमच्या घरात कुणाला तरी भिऊनच ठेवली असणार. त्यातला एक मी असेन, तर ती चूक माझी आहे.

गडाखाली राहणारा माणूस पोराला पत्र लिहितो आणि महाराजांचं नाव घेऊन उपदेश करत नाही, असं सहसा होत नाही. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर आमच्याकडे प्रत्येक पिठलं-भाकरीबरोबर इतिहास फुकट मिळतो. तुला तो नको, तू तो परीक्षेसाठी पाठ केलेलाच आहेस.

कामाचं तेवढं ऐक. लाल डब्याचं माप आजपासून बंद. रोज घेत असलास तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल, घाबरू नकोस, कॅफीन सुटताना दुखतंच. पिवळ्या गोळ्या किती दिवस घेतल्यास ते आठवून कागदावर लिही. आणखी कुठून घेत असशील तर त्या स्वतःच्या मनाने घेतही राहू नकोस आणि माझ्यासारख्या रागाने एकदम टाकूही नकोस. आजच्या आज फोन कर, डॉक्टरांना विचारून ठरवू. छातीत धडधड थांबेना, डोळे पिवळे दिसले, किंवा व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर पत्राची, माझी, कुणाचीच वाट बघू नकोस, सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि काय घेतलंस ते पहिल्या वाक्यात सांग. मैदानाला पंधरा दिवस उरले की कुणी अमृत दिलं तरी नवीन काही तोंडात घालायचं नाही.

शनिवारी ये. मळवलीला उतरलास की भाज्याच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी मी थांबलेला असेन. सॅक घेऊन येतो, डबे जसेच्या तसे आत आहेत, मी काही फेकलेलं नाही. तिथून कामशेतला डॉक्टरांकडे जाऊ. यकृताची आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायला सांगू, पैसे माझे. आत तू एकटा जा, मी बाहेर बाकावर बसतो. बाटली तेवढी तुझ्या हाताने त्यांच्या टेबलावर ठेव. आईला सांगायचं की नाही ते नंतर तू ठरव.

आजीने हुलगे भिजत घातले आहेत.

तुझा,
आबा

ता. क. बाटलीत एकोणीस गोळ्या आहेत. मोजून परत ठेवल्या.